दोरी ओढण्यापूर्वी

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही तिघे संशोधक विद्यार्थी कोकणातील एका खाडीच्या पाण्याची क्षारता मोजत होतो. भरतीबरोबर खारे पाणी किती आत शिरते आणि ओहोटीला किती मागे हटते, हे ठरावीक जागांवर तासातासाने नमुने घेऊन पाहायचे, असा कार्यक्रम होता. अडचण एकच. वल्ही मारत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर पोचेपर्यंत पाणी काही आमच्यासाठी थांबत नसे. अशा वेळी संस्थेच्या अडगळीच्या खोलीत, जुन्या तराजूंच्या आणि फुटक्या काचसामानाच्या मागे, आम्हांला एक आउटबोर्ड मोटर सापडली. होडीच्या मागच्या फळीला शिकंज्याने आवळून बसवायचे हे इंजिन. डोक्यावर जड चाक, बाजूला पेट्रोलची टाकी, मधून खाली जाणारी लांब नळी आणि तळाशी पाण्यात फिरणारा पंखा. मोटर बरीच जुनी होती. नावाची पट्टी झिजून गुळगुळीत झालेली, आणि कुठल्या दांडीने काय होते हे सांगणारी अक्षरेही पुसलेली.

आम्हांला त्याची फिकीर नव्हती. उष्मागतिकीचा पेपर तिघांनीही चांगल्या गुणांनी सोडवला होता. इंजिनाच्या चक्राचा आलेख डोळे मिटून काढता आला असता. पेट्रोल भरले, पंखा बुडेल असा पाण्याने भरलेल्या पिंपावर मोटर बसवली, चाकाच्या खाचेत गाठ मारलेली दोरी गुंडाळली आणि ओढली. काही झाले नाही. पंचवीस-तीस वेळा ओढली. एकदा मोटरने दोरी हिसकावून उलट दिशेला खेचली आणि आमच्यातील एकाचा अंगठा सुजला. संध्याकाळी वर्कशॉपमधले मिस्त्रीकाका तिकडून चालले होते. त्यांनी तरुणपणी अशा मोटरी चालवल्या होत्या. ते थांबले, चाकाखालची एक दांडी त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "पोरांनो, ठिणगीला एवढी घाई कशाला लावलीत?"

या वाक्याचा अर्थ आम्हांला कळायला दोन दिवस लागले. तो सांगण्यापूर्वी हे यंत्र आले कुठून ते पाहू.

होडीला काढता-घालता येईल असे इंजिन लावण्याची कल्पना पेट्रोल इंजिनाइतकीच जुनी आहे. किंबहुना तिची पहिली यशस्वी आवृत्ती पेट्रोलवर नव्हतीच. पॅरिसच्या गुस्ताव त्रूव्हे या कल्पक यंत्रकाराने १८८१ मध्ये विजेची मोटर होडीच्या सुकाणूवरच बसवली आणि सेन नदीत होडी चालवून दाखवली. वीज येत होती होडीत ठेवलेल्या रासायनिक घटांतून. यात चालवणाऱ्याला शिकण्यासारखे फारसे नव्हते: मंडल जोडले की पंखा फिरे, तोडले की थांबे. पण घट जड होते आणि लवकर संपत.

पेट्रोलची मोटर अमेरिकेत रुळली. येल विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या कॅमरॉन वॉटरमन या विद्यार्थ्याने मोटारसायकलचे इंजिन पाहून होडीसाठी तसेच काही करता येईल का याचा विचार सुरू केला. १९०५ मध्ये त्याने आपली मोटर डेट्रॉइट नदीत चालवून पाहिली आणि १९०७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या कडेबाहेरची मोटर, हे नाव रूढ करण्याचे श्रेयही त्यालाच देतात. तरीही या मोटरीचा जनक म्हणून बहुतेक ठिकाणी नाव वाचायला मिळते ते ओले एव्हिनरूड याचे. हा १८७७ मध्ये नॉर्वेत जन्मला, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला आणि यंत्रशाळांमध्ये काम करत शिकला. त्याच्याबद्दलची गोष्ट अशी सांगतात की, १९०६ च्या उन्हाळ्यात एका सरोवराकाठच्या सहलीत बेस केरी या त्याच्या मैत्रिणीला आइसक्रीम खावेसे वाटले. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठावर गेला आणि परत येईपर्यंत आइसक्रीमचे पाणी झाले. त्यातून मोटर जन्मली. न्यूटनच्या सफरचंदासारखीच ही गोष्ट. खरी असेल, सजवलेलीही असेल. आपल्या पाठ्यपुस्तकांना एक शोध, एक संशोधक आणि एक साल असे त्रिकूट आवडते, आणि ते पुरवायला अशा गोष्टी फार उपयोगी पडतात.

नक्की आहे ते असे की, १९०९ मध्ये ओलेने बनवलेली मोटर एका सिलिंडरची, दीड अश्वशक्तीची आणि ६२ पौंडांची, म्हणजे सुमारे २८ किलोग्रॅम वजनाची होती. बेस तोवर त्याची पत्नी झाली होती. जाहिराती आणि पत्रव्यवहार तिने सांभाळला आणि धंदा वाढला तो बराचसा तिच्यामुळे. पुढे तिच्या आजारपणामुळे दोघांनी कंपनी विकली, आणि १९२१ मध्ये अॅल्युमिनियमचा सढळ वापर केलेली नवी मोटर घेऊन ती पुन्हा बाजारात उतरली. दोन सिलिंडर, तीन अश्वशक्ती आणि वजन मात्र ४८ पौंड. त्याच सुमारास जॉन्सन बंधूंनी ३५ पौंडांची मोटर आणली. आता एका माणसाला ती खांद्यावरून नेता येऊ लागली.

मासेमार, शिकारी, डॉक्टर, टपालवाले अशा लोकांनी या मोटरी घेतल्या. त्यांतील बहुतेकांनी त्याआधी कुठलेही इंजिन हाताळले नव्हते. त्यांच्या हातात एक छोटी पुस्तिका आणि चार-पाच दांड्या-खटके आले. आम्हांला पिंपापाशी जे शिकावे लागले, तेच त्यांनाही शिकावे लागले असणार.

मिस्त्रीकाकांनी पहिल्या दिवशी आम्हांला दोरीला हातच लावू दिला नाही. आधी पेट्रोल ओतून टाकायला लावले, कारण आम्ही त्यात तेल घातले नव्हते. ही इंजिने टू-स्ट्रोक असतात. ब्रिटनमध्ये जोसेफ डे याने १८९१ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना मोठी चतुर आहे. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या बंद पेटीत हवा आणि पेट्रोल ओढले जाते. खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरमध्ये चढते. झडपा नाहीत, सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टन स्वतःच उघडतो आणि मिटतो. पण खालच्या पेटीतूनच मिश्रण जात असल्यामुळे तिथे वंगणाचे तेल भरून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. जुन्या काही मोटरींना दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागे, नंतरच्यांना पंचवीसास एक, आणि अलीकडच्यांना पन्नासास एक. आमच्या तीस झटक्यांत ती चालू झाली नाही, हे तिचे नशीब.

मग टाकीच्या झाकणावरचा एक पितळी स्क्रू त्यांनी दोन फेरे सैल केला. "तिला श्वास घेऊ दे." आम्ही मान डोलावली आणि विसरून गेलो. या विसरण्याची किंमत पुढे मोजावी लागली.

त्यानंतर पेट्रोलची तोटी आणि थंड इंजिनासाठी हवेची वाट अडवणारा चोक. पूर्ण जळण्यासाठी एक ग्रॅम पेट्रोलला साधारण पंधरा ग्रॅम हवा लागते. पण थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब भिंतींना चिकटून राहतात. ठिणगीपाशी पुरेशी वाफ पोचावी म्हणून सुरुवातीला हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे. इंजिन तापले की चोक उघडायचा. आम्ही तो तीस झटके मिटलेलाच ठेवला होता, त्यामुळे ठिणगीचा प्लग पेट्रोलने न्हाऊन निघाला होता.

आता दोरी. ती हळू ओढून चालत नाही, आणि याचे कारण केवळ जोर हे नाही. आमच्या मोटरीत बॅटरी नव्हती. चाकाच्या आत चुंबक बसवलेले होते आणि ते खालच्या वेटोळ्यावरून फिरले की वेटोळ्यात वीज निर्माण होई. १८३१ मध्ये फॅरडेने दाखवलेले तेच तत्त्व. चुंबक जितक्या वेगाने सरकेल तितका विद्युतदाब अधिक. योग्य क्षणी एक संपर्क उघडतो, वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी तुटतो आणि शेजारच्या अनेक वेढ्यांच्या वेटोळ्यात काही हजार व्होल्टचा झटका उठतो, तीच ठिणगी. दोरी आळसावून ओढली तर ठिणगी पडतच नाही. सायकलचा डायनॅमो वर्गात आणून चाक आधी हळू आणि मग जोरात फिरवले, तर दिव्याच्या उजेडात हा फरक मुलांना दिसतो. ओलेच्या १९२१ च्या मोटरीत बॅटरी होती, म्हणून तिच्या चाकाला नुसता पाव फेऱ्याचा हिसका पुरे. तिच्या खपाचे ते एक मोठे कारण होते. पण त्यासाठी होडीत बॅटरी सांभाळावी लागे. ठिणगी हाताच्या जोरातून काढायची की डब्यात भरून न्यायची, असा तो व्यवहार होता.

आणि आता ती दांडी, जिच्याकडे पाहून काका हसले होते. ती ठिणगी पाडत नव्हती, ठिणगी केव्हा पडावी हे ठरवत होती.

पुस्तकातील आदर्श चक्रात पिस्टन अगदी वर पोचतो, ठिणगी पडते, त्याच क्षणी सगळे मिश्रण जळते आणि दाब वाढतो. आमच्या डोक्यात हेच चित्र होते. खऱ्या सिलिंडरमध्ये ज्योत एका टोकाकडून दुसरीकडे पसरायला वेळ लागतो. समजा हा वेळ सेकंदाचे दोन हजारांश आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला २० हजारांश सेकंद. तेव्हा दोन हजारांशांत चाक ३६ अंश फिरून जाते. म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर ठिणगी पाडली, तर पुरता दाब येईपर्यंत पिस्टन बराच खाली निघून गेलेला असेल आणि ढकलायला काही उरणार नाही. म्हणून ठिणगी आधीच, पिस्टन अजून वर चढत असताना, पाडावी लागते. आता दोरीने फिरणारे चाक घ्या. मिनिटाला ३०० फेरे धरले, तर त्याच दोन हजारांशांत ते जेमतेम साडेतीन अंश फिरते. इथे ठिणगी तीस-पस्तीस अंश आधी पाडली तर पिस्टन वर पोचण्यापूर्वीच सगळा स्फोट होऊन जातो, पिस्टन आल्या वाटेने खाली फेकला जातो, चाक उलटे फिरते आणि दोरी अंगठा घेऊन जाते.

(प्रत्यक्षात हिशोब इतका सरळ नसतो. वेग वाढला की सिलिंडरमधील खळबळ वाढते आणि ज्योतही अधिक वेगाने पसरते, त्यामुळे ठिणगी त्या प्रमाणात मागे न्यावी लागत नाही. पण वरच्या वर्गासाठी हे उदाहरण जसेच्या तसे घ्यायला हरकत नाही; सूट कुठे घेतली ते मात्र मुलांना सांगावे.)

म्हणून क्रम असा: ठिणगीची दांडी 'उशिरा'कडे ठेवून दोरी ओढायची, इंजिनाने वेग घेतला की ती हळूहळू 'आधी'कडे न्यायची. किती न्यायची हे कानाने ठरवायचे. आवाज एका लयीत भरत जातो, एका जागी तो सर्वांत मोकळा वाटतो आणि त्यापुढे नेली तर आत कोणी खडे टाकल्यासारखी टकटक सुरू होते. काकांनी आमच्यातील प्रत्येकाचा हात त्या दांडीवर धरून ही जागा ऐकवली. 'अॅडव्हान्स' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ते म्हणत, ठिणगी घाई करते किंवा ठिणगी झोपते. सुरुवातीच्या कित्येक मोटरींत वेग कमी-अधिक करण्याचे काम मुख्यतः ही दांडीच करी. वाया जाणाऱ्या पेट्रोलचा विचार करता ही रीत चांगली नव्हती, पण तिच्यात माणूस दिवसभर एका हाताने ज्योतीच्या वेगाशी बोलत असे.

याच दांडीत आणखी एक गंमत लपलेली आहे. झडपा नसलेल्या या इंजिनात खिडक्या उघडण्या-मिटण्याचा क्रम पिस्टनच्या वर-खाली होण्यावर अवलंबून असतो, चाक कुठल्या बाजूला फिरते यावर नाही. त्यामुळे हे इंजिन दोन्ही दिशांना चालू शकते. जुन्या मोटरी चालवणारे याचा उपयोग होडी मागे घेण्यासाठी करत. ठिणगी क्षणभर तोडायची, चाक मंदावू द्यायचे, आणि थांबण्याच्या बेताला दांडी भलतीच 'आधी'कडे नेऊन ठिणगी परत द्यायची. पिस्टन वर पोचण्यापूर्वीच स्फोट होतो आणि दमलेले चाक उलट फिरू लागते. जो अपघात आमचा अंगठा सुजवून गेला, तोच या लोकांनी नियमात बसवला होता. दुसरा मार्ग अधिक सोपा: सबंध मोटरच अर्धा फेरा वळवून पंख्याचे तोंड उलटे करायचे. जॉन्सन बंधूंच्या मोटरीत तशी सोय होती.

दोन दिवसांच्या सरावानंतर मोटर तिसऱ्या-चौथ्या झटक्याला चालू होऊ लागली आणि आम्ही ती खाडीत नेली. काका बरोबर नव्हते.

या मोटरीला न्यूट्रल नव्हता. इंजिन सुरू झाले की पंखा फिरणार आणि होडी निघणार. म्हणून दोर सोडून, होडीचे तोंड मोकळ्या पाण्याकडे वळवून मगच ती सुरू करायची. इतके आम्ही बरोबर केले. ओहोटी लागली होती. मध्यभागी गेलो आणि दोन मिनिटांत इंजिन धापा टाकत बंद पडले. पेट्रोल संपले की काय म्हणून झाकण उघडून पाहिले. टाकी जवळजवळ भरलेली. झाकण लावले. मग कुणीतरी मिश्रणाच्या सुईचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, दोरी ओढली आणि मोटर पहिल्या झटक्याला सुरू झाली. दोष सुईचा होता हे तिघांनाही पटले. नोंदवहीत तसे लिहिलेही. पुढे दोन मिनिटांनी मोटर पुन्हा तशीच बंद पडली. पुन्हा झाकण उघडले, पुन्हा लावले, सुई आणखी अर्धा फेरा फिरवली, पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

एव्हाना ओहोटीचा ओढ आम्हांला खाडीच्या मुखाकडे नेत होता. मुखाशी वाळूची पट्टी होती आणि तिच्यावर फुटणाऱ्या लाटा पांढऱ्या दिसू लागल्या होत्या. दोघे वल्ह्यांवर बसले, पण होडी पाण्याबरोबरच सरकत राहिली. भीती वाटली हे सांगायला आता संकोच वाटत नाही. तिसऱ्यांदा झाकण उघडताना आतून हलका 'फुस्स' असा आवाज आला, आणि तेव्हा कुठे श्वासाचा स्क्रू आठवला. मोटर आडवी करून आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आम्हीच घट्ट आवळला होता.

टाकीतून पेट्रोल बाहेर जाते तशी वरची हवा पसरते आणि तिचा दाब घटतो. पेट्रोल उतरत असते ते केवळ दहा-बारा सेंटिमीटर उंचीच्या स्वतःच्या भारामुळे. हा भार वातावरणाच्या दाबाच्या एक टक्काही नसतो. भरलेल्या टाकीत वरची हवा थोडी असेल तर काही चमचे पेट्रोल गेले की तेवढी घट होते आणि उतरणे थांबते. झाकण उघडले की दाब सारखा होतो आणि मोटर आणखी दोन मिनिटे चालते. म्हणजे मोटर दुरुस्त होत होती ती आमच्या पाहण्यामुळे, आणि श्रेय आम्ही देत होतो सुईला. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती पाणी भरून उलटी धरा. थोडे थेंब पडून धार थांबेल. तळाला टाचणीने टोचा, धार सुरू. तिथे बोट ठेवा, बंद. पाचवीच्या मुलांनाही हा प्रयोग आवडतो. आम्ही तो खाडीत केला.

स्क्रू सैल केला, दोरी गुंडाळली आणि घाईघाईने ओढली. ठिणगीची दांडी मात्र पुढेच राहिली होती. मोटर खोकली, हिसका बसला, आणि ती सुरू झाली: उलटी. होडी अडखळत मागे जाऊ लागली आणि मागच्या ठेंगण्या फळीवरून पाणी आत आले. नमुन्यांच्या बाटल्या पायांत तरंगू लागल्या. मोटर बंद केली, दांडी उशिराकडे नेली, सुई मोजून एक फेरा परत मिटली आणि पुन्हा ओढली. काठाला लागेपर्यंत कोणीही कशालाही हात लावला नाही. त्या दिवसाचे नमुने अर्थातच फुकट गेले. नोंदवहीतले 'सुईचा दोष' हे शब्द खोडायचे नाहीत, शेजारी खरे कारण लिहायचे, असे आमच्या मार्गदर्शकांनी सांगितले. ती वही आजही आमच्याकडे आहे.

या दांड्या पुढे एकेक करून नाहीशा झाल्या. ठिणगी आणि पेट्रोल यांच्या दांड्या एका यंत्रणेने जोडून टाकल्या. मूठ पिळली की दोन्ही एकदम सरकू लागल्या. १९३० मध्ये बटण दाबून सुरू होणारी मोटर आली. सुटी दोरी जाऊन आपोआप गुंडाळली जाणारी दोरी आली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस पुढे, न्यूट्रल आणि मागे असे गिअर आले, आणि इंजिन उलटे फिरवण्याची विद्या लोक विसरले. नंतर ठिणगीची वेळ इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे गेली आणि पेट्रोलचे मोजमाप संगणकाकडे. यात केवळ सोय नव्हती. जुन्या टू-स्ट्रोक मोटरीतून पाव हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही थोडे अधिक, इंधन न जळताच पाण्यात आणि हवेत जाई. अमेरिकेत १९९६ मध्ये याबद्दल नियम झाले आणि फोर-स्ट्रोक व थेट इंधन फवारणाऱ्या मोटरींनी जुन्यांची जागा घेतली. जुन्या दांड्यांबद्दल आम्हांला ममत्व आहे, पण खाडीच्या पाण्यावर पसरणारा तेलाचा रंगीत तवंगही आम्ही पाहिला आहे. एव्हिनरूड या नावाची मोटर बनणे २०२० मध्ये बंद झाले.

आपल्या देशात मात्र एक दांडी परत आली. महाराष्ट्रात मोठ्या मच्छीमार होड्यांना आत बसवलेली डिझेल इंजिने लागली. केरळच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात लहान पारंपरिक होड्यांना आउटबोर्ड मोटरी झपाट्याने लागल्या, आणि त्यांतील पुष्कळ केरोसीनवर चालणाऱ्या होत्या. केरोसीन स्वस्त पडे. पण पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेते, केरोसीनची त्यासाठी ३८ अंशांच्या वर जावे लागते. थंड इंजिन केरोसीनवर सुरू होत नाही. म्हणून सुरुवात पेट्रोलवर करायची, इंजिन तापले की तोटी फिरवून केरोसीन द्यायचे, आणि काठ जवळ आला की पुन्हा पेट्रोलवर यायचे, म्हणजे पुढच्या पहाटेसाठी कार्बुरेटरमध्ये पेट्रोल शिल्लक राहते. तोटी किती लवकर फिरवायची याचा हिशोब ज्याच्या त्याच्या कानात. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी ज्वलनांकाचा हा धडा समुद्रावर, बुडालेल्या दिवसाच्या मजुरीची किंमत देऊन गिरवला.

आमची मोटर आता खाडीत जात नाही. वर्षातून एकदा, शिक्षकांचे शिबिर असते तेव्हा, ती पिंपावर चढते. चालवून झाल्यावर ती दांडीने बंद करायची नाही, ही काकांची शेवटची सूचना आम्ही पाळतो. पेट्रोलची तोटी मिटायची आणि कार्बुरेटरमध्ये उरले असेल तेवढे तिला संपवू द्यायचे, नाहीतर पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेले तेल बारीक भोकात चिकटून बसते. मिनिटभर ती तशीच चालते. मग मिश्रण विरळ होत जाते, आवाज एकदम चढतो, दोनदा अडखळतो आणि थांबतो. त्यानंतर तोटी मिटलेली आहे ना ते पाहायचे, आणि मोटर उचलण्यापूर्वी झाकणावरचा स्क्रू आवळायचा. तो आवळला की त्याला एक लाल चिंधी बांधायची, अशी पद्धत आम्ही आमच्या पदरची घातली आहे.